वन्संची शेवाळाची डबी

पत्र

ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यात असते, वय ३४. आमची द्राक्षबाग आहे, दिवस सगळा बागेतच जातो. धाकटीच्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग आहेत. थायरॉईडची ५०ची गोळी चालू आहे. दीड महिन्यापूर्वी वन्संनी 'सीवीड क्रीम' आणून दिलं. ५० ग्रॅमची डबी, २,४०० रुपये, पैसे सवडीने दे म्हणाल्या. सोबतच्या कागदावर मालवणच्या समुद्राचा फोटो आहे, आणि एका शास्त्रज्ञाचा भाजलेला चेहरा या शेवाळाने बरा झाला असं लिहिलंय. मामंजी बागेला सीवीड सोडतात, वेली कशा टवटवीत होतात ते मी डोळ्यांनी बघते, म्हणून माझाही विश्वास बसला. सासूबाई मात्र म्हणतात, "ज्याच्यावर पाय घसरतो ते तोंडाला काय फासता!" वांग खरंच फिकट झालेत, पण हनुवटीवर बारीक पुळ्या उठल्यात. त्यात एक मैत्रीण म्हणाली की शेवाळात आयोडीन असतं, थायरॉईडवालीने हातसुद्धा लावू नये. तेव्हापासून मला झोप नाही. वन्संनी शेवाळाच्या कॅप्सूलही आणल्यात, त्या अजून सुरू केल्या नाहीत. घरात बचत गटाकडून घेतलेली स्पिरुलिनाची पूड आहे, तिचा लेप चालेल का? रात्री लावायची एक छोटी पांढरी डबीही वन्संनीच दिली आहे, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. मोठ्या डबीवरची सगळी नावं उतरवून पाठवते आहे. आणि वन्सं मला त्यांच्या हाताखाली मेंबर करायचं म्हणतात, त्यांना नाही कसं म्हणू?

— द्राक्षवाल्यांची सून

उत्तर

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. ती पांढरी, काही न लिहिलेली डबी आजपासून लावायची बंद. फेकू मात्र नकोस. झाकण घट्ट लाव, पिशवीत बांध आणि पोरींचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेव. पत्रात तिला तू एक ओळ दिलीस आणि शेवाळाला पानभर. मीही आधी शेवाळाचं उरकते, मग तिच्याकडे येते.

तुझ्या सासूबाई बोलल्या थट्टेने, पण मुद्द्याचं बोलल्या. विहिरीच्या पायरीवर, गोदावरीच्या घाटावर पाय का घसरतो? शेवाळ आणि त्याच्या सोबतीने राहणारे सूक्ष्मजीव अंगाभोवती एक बुळबुळीत थर धरून असतात. साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या आणि त्यांच्यात अडकून बसलेलं पाणी, असा तो थर. समुद्राच्या शेवाळाला तर त्याच्याशिवाय जगताच येत नाही. ओहोटीला खडक उघडा पडतो, वर ऊन तापतं, आणि भरती येईपर्यंत आहे त्या ओलीवर निभवायचं असतं. हाच बुळबुळीतपणा उकळून काढतात, गाळतात, वाळवतात, त्याची पूड करतात आणि ती पूड क्रीमच्या कारखान्यात येते. मी बावीस वर्षं अशाच कारखान्यांत फॉर्म्युलेशनच्या टेबलावर काढली आहेत. ती पूड पाण्यात एकदम ओतली तर कशा गुठळ्या होतात आणि मग वरिष्ठ काय काय बोलतात, ते मला अजून आठवतं.

या पुडी मुख्यतः तीन. लाल शेवाळापासून अगार आणि कॅराजीनन, तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट. नावं परकी वाटली तरी तिघी तुझ्या ओळखीच्या आहेत. अगार म्हणजे आपलं पुडिंगचं चायना ग्रास. कॅराजीनन बऱ्याच टूथपेस्टमध्ये आणि आइस्क्रीममध्ये असतं. आणि घरात कुणाची कवळी झाली असेल तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात जो गुलाबी लगदा भरून माप घेतलं, जो दोन-तीन मिनिटांत रबरासारखा झाला, ते अल्जिनेट. पार्लरमध्ये 'रबर मास्क' म्हणून चेहऱ्यावर थापतात आणि शेवटी अख्खा मुखवटा सोलून काढतात, तेही तेच. पुडीत कॅल्शियमचा क्षार मिसळलेला असतो. पाणी पडलं की कॅल्शियम त्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि लगद्याचं रबर होतं. दवाखान्यात वाहत्या जखमेवर ठेवायच्या अल्जिनेटच्या पट्ट्याही मिळतात. शेवाळाने वैद्यकात खरं नाव कमावलं ते तिथे, ओल शोषून आणि धरून ठेवण्याच्या कामात.

एक प्रयोग करून बघ. कपभर पाण्यात चहाचा चमचाभर चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळ आणि कोमट झाल्यावर, आळायच्या आत, बोटभर घेऊन मनगटाच्या मागे पातळ पसर. पहिली दोन मिनिटं गार, गुळगुळीत वाटेल. वाळत आलं की कातडी ओढल्यासारखी होईल आणि उजेडात हलकीशी चमकेल. 'त्वचा घट्ट होते, तेज येतं' असं वन्संच्या कागदावर लिहिलेलं असणार, ते हेच. आता धुऊन टाक. मनगट होतं तसं.

म्हणजे शेवाळ फसवं आहे का? अजिबात नाही. क्रीमला अंग देणं, बोटाखाली ते मऊ सरकवणं, वरून एक पातळ पापुद्रा धरून आतली ओल उडू न देणं, ही कामं ते फार छान करतं. हा पापुद्रा आत जात नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू सहसा पार होत नाही, आणि कॅराजीननचे रेणू लाखांच्या घरात असतात. वांगाचा रंग तयार होतो त्याच्याही खाली, जिवंत पेशींच्या थरात. वर बसलेल्या पापुद्र्याचा तिथे हात पोचत नाही.

आता तुझी यादी. छान उतरवलीस, स्पेलिंगसकट. पाणी, ग्लिसरीन, आयसोप्रोपिल मायरिस्टेट, सीटोस्टिअरिल अल्कोहोल, शिया बटर, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सीइथॅनॉल, कॅराजीनन, फ्युकस वेसिक्युलोससचा अर्क, सुगंध, आणि शेवटी सीआय १९१४० व सीआय ४२०९०.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागे कसेही लिहिले तरी चालतात. या यादीत फिनॉक्सीइथॅनॉल शोध. ते टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर आलेलं काहीही १ टक्क्याच्या वर असूच शकत नाही. तुझ्या डबीवरचं 'सीवीड', म्हणजे कॅराजीनन आणि फ्युकस या शेवाळाचा अर्क, त्याच्यानंतर आहे. झाकणावर ठळक सोनेरी अक्षरांत आणि यादीत शेपटाला. आमच्या टेबलावर याला 'लेबलपुरतं' म्हणायचे. "मॅडम, लेबलपुरतं किती टाकायचं?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्यात काही चुकीचं आहे हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

'लेबलपुरतं' म्हणजे किती, त्याचा हिशोब करू. उदार होऊन धर की अर्क पूर्ण १ टक्का आहे. ५० ग्रॅमच्या डबीत अर्धा ग्रॅम. पण कारखान्यात अर्काचा कॅन येतो तो बहुतेक पाणी नाहीतर ग्लिसरीन असतो, शेवाळातून उतरलेलं त्यात थोडंसंच. ते २ टक्के धर. म्हणजे अख्ख्या डबीत शेवाळाचं सत्त्व १० मिलिग्रॅम. आमटीत वरून टाकतेस ती मिठाची चिमूट याच्या कितीतरी पट असते.

आणि तो सुंदर हिरवा रंग? सीआय १९१४० म्हणजे पिवळा टार्ट्राझीन, सीआय ४२०९० म्हणजे निळा. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, हे चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो. फ्युकस मुळात तपकिरी असतं, त्याचा अर्क चहाच्या पाण्यासारखा दिसतो. हिरवा असतो तो गिऱ्हाइकाच्या मनातला समुद्र.

फ्युकसवरून त्या मालवणच्या फोटोकडे येते. फ्युकस वेसिक्युलोसस हे उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरचं शेवाळ. ब्रिटनी, आयर्लंड, नॉर्वे, तिकडे खडकांवर त्याच्या माळा लोंबतात. आपल्या कोकणात ते उगवत नाही. मालवणच्या खडकांवर सरगॅसम मिळेल, अल्व्हा मिळेल, पंख्यासारखं पॅडिना मिळेल. फोटो एका समुद्राचा आणि माल दुसऱ्या समुद्राचा. भाजलेल्या शास्त्रज्ञाची गोष्टसुद्धा उसनीच आहे. मॅक्स ह्यूबर नावाच्या शास्त्रज्ञाची ही गोष्ट 'क्रीम द ला मेर' या अतिमहाग क्रीमची जन्मकथा म्हणून सांगितली जाते. १९९५ मध्ये एस्टी लॉडर या कंपनीने ते क्रीम विकत घेतलं. गोष्ट त्यांची ते सांगोत. वन्संच्या कंपनीने ती कागदावर चिकटवली तरी ह्यूबर काही तिचा होत नाही.

मामंजींच्या सीवीडचं मात्र मला कौतुक वाटलं, कारण तू नकळत खरा धागा पकडलास. भारतात बागांना जे सीवीड जातं त्यातलं काही तामिळनाडूत, रामेश्वरम-मंडपमच्या किनाऱ्यावर पिकतं. तिथल्या कोळणी बांबूच्या तीन मीटर लांब-रुंद तराफ्यांना कप्पाफायकस नावाच्या शेवाळाचे तुकडे बांधून समुद्रात सोडतात आणि दीड महिन्याने काढतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने एक रीत बसवली: ताजं शेवाळ पिळायचं, रस पिकाला द्यायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढायचं. उसाचा रस प्यावा आणि चिपाडावर चूल पेटवावी, तसं. तेव्हा बागेतल्या ड्रिपमधला रस आणि गालावरच्या क्रीममधलं कॅराजीनन एकाच तराफ्यावरून आलेलं असू शकतं.

पण वेलीला मानवलं म्हणून गालाला मानवेल, ही उडी फार लांब झाली. वेलीचं पान जिवंत असतं, त्याला छिद्रं असतात, आणि शेवाळाच्या रसात झाडाला कळणारे संदेश असतात. त्याचे स्वतःचे वाढीचे संप्रेरक त्याच जातीचे. आपल्या चेहऱ्याचा वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची कौलं. बाहेरचं आत येऊ नये म्हणूनच ती रचलेली आहेत. मामंजींना विचार, ते बागेला सीवीड देतात, पण भुरी (वेलीवरचा बुरशीचा रोग) आली की सीवीडच्या भरवशावर बसतात का? नाही ना. तसंच हे.

थोडं शेवाळाच्या बाजूनेही बोलते. त्याच्या रंगद्रव्यांवर खरं संशोधन चालू आहे. उन्हाचा मारा वाढला की काही शेवाळं स्वतःला रंगवून घेतात. मिठागरात पाणी आटून खारट झालं की गुलाबी झाक येते, ती काही अंशी ड्युनालिएला या शेवाळातल्या बीटा-कॅरोटीनची. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा आधी सगळ्यांनी ड्युनालिएलाचंच नाव घेतलं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि सांगितलं की हा रंग हॅलोआर्किया या खारप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. रंगाची जात मात्र तीच, कॅरोटिनॉइड. ती त्यांची उन्हातली ओढणी. हिमॅटोकॉकस शेवाळातलं लाल अॅस्टाझँथिन, सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरीच्या शेवाळातली अतिनील किरण शोषणारी द्रव्यं, यांच्यावर माणसांत थोड्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत फरक दिसले ते सौम्य. उद्या त्यातून काही चांगलं निघालं तर मीच इथे लिहीन. पण त्यातलं काहीही तुझ्या डबीत नाही. आणि सनस्क्रीनची जागा यातलं एकही घेत नाही.

आता झोप उडवणारा प्रश्न: आयोडीन. मैत्रीण अगदीच चुकीचं बोलली नाही. १८११ मध्ये बर्नार्ड कूर्तवाला आयोडीन पहिल्यांदा सापडलं ते शेवाळाच्याच राखेत. जपानी स्वयंपाकातल्या कोम्बूसारख्या काही जातींत एका ग्रॅममध्ये २,००० मायक्रोग्रॅमपेक्षाही जास्त आयोडीन असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणून घाबरवणं सोपं जातं. पण मघाचे १० मिलिग्रॅम आठव. फ्युकस सोड, ते आयोडीनने ठासून भरलेलं कोम्बूच आहे असं धर. तरी अख्ख्या डबीत २० मायक्रोग्रॅम झालं. डबी तुला दोन महिने पुरते, आणि न फुटलेल्या त्वचेतून त्यातलं जेमतेम काही आत जाणार. आपल्या आयोडीनयुक्त मिठात गिऱ्हाइकापर्यंत पोचताना किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम, आयोडीन असायला हवं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर ७५ मायक्रोग्रॅम. म्हणजे तुझ्या एका दिवसाच्या भाजी-भाकरीत त्या २,४०० रुपयांच्या डबीपेक्षा जास्त आयोडीन आहे. तेव्हा क्रीमपायी जागू नकोस.

कॅप्सूल मात्र परत कर. तिथे हिशोब उलटा होतो. ती पोटात जाते, रोज जाते, आणि एका कॅप्सूलमध्ये आयोडीन किती हे शेवाळाच्या जातीवर, काढणीवर, वाळवणीवर ठरतं. थायरॉईड आधीच गोळीवर चालणाऱ्या बाईने असा जुगार खेळू नये. तुझ्या डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली तरच घे. आणि ते देतील असं मला वाटत नाही.

हनुवटीवरच्या पुळ्यांबद्दल इंटरनेटवर शोधलंस तर पहिल्यांदा कॅराजीननच आरोपी म्हणून समोर येईल. छिद्रं बुजवणाऱ्या घटकांच्या याद्या फिरतात, त्यांत त्याला पाचपैकी पाच गुण दिलेले असतात. असे गुण मुळात आले १९७०-८०च्या दशकांतल्या सशाच्या कानावरच्या प्रयोगांतून. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर रुसतो, आणि वस्तू क्रीममध्ये किती आहे याचा त्या गुणांशी काही संबंध नसतो. तुझ्या यादीत मला जास्त खटकतं ते तिसऱ्या नंबरचं आयसोप्रोपिल मायरिस्टेट. क्रीम रेशमासारखं पसरावं म्हणून ते घालतात, पण पुळ्या येणाऱ्या त्वचेवर ते जपूनच वापरायचं असतं. वरून शिया बटर, वरून बागेतला घाम आणि फवाऱ्याची धूळ. तरीही पुळ्यांचं सगळं खापर मी या डबीवर फोडणार नाही. का, ते दोन परिच्छेदांनी सांगते.

स्पिरुलिनाची पूड घरात आहे तर आठवड्यातून एकदा लेप लाव, हरकत नाही. (ते शास्त्राच्या हिशोबाने शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे, भातखाचरात खत म्हणून सोडतात त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं भाऊबंद. पण बाजारात ते शेवाळ म्हणूनच विकलं जातं, तर असू दे.) चमचाभर पूड पाण्यात किंवा दह्यात कालव, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघ, मग चेहऱ्यावर दहा मिनिटं. वाळून तडकू देऊ नकोस. उरलेला लेप फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नकोस, ओल्या पुडीत जंतू फार वेगाने वाढतात. वास तळ्याच्या काठासारखा येईल, तो येणारच. लिंबू पिळू नकोस, लेप लावून उन्हात जायचं असेल तर मुळीच नको. आणि वांग त्याने जातील ही आशा धरू नकोस. बेसनाच्या लेपाइतकंच त्याचं काम. आत्ता पुळ्या आहेत तोवर तेही थांबव.

आता ती पांढरी डबी. तू लिहिलंस, वांग 'खरंच फिकट झाले'. दीड महिन्यात. जुने, बाळंतपणापासूनचे, रोज उन्हात जाणाऱ्या बाईचे वांग १० मिलिग्रॅम शेवाळाने दीड महिन्यात फिकट होत नाहीत. डॉक्टरांच्या औषधांनाही सहसा काही महिने लागतात. मग ते कशाने झाले? वरच्या यादीत रंग फिका करणारा एकही घटक नाही. उरते ती रात्रीची, बिननावाची डबी. अशा डब्यांत अनेकदा दोघांपैकी एक निघतं. एक तर स्टेरॉईड, नाहीतर पारा. काहींत दोन्ही. स्टेरॉईडने आठवड्यांत चेहरा उजळतो आणि मग बारीक, एकसारख्या पुळ्या उठतात, त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते. हनुवटीवरच्या पुळ्यांचा मला पहिला संशय तिथेच आहे. पारा तर त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. आपल्या सौंदर्यप्रसाधनांत पारा वापरायला बंदी आहे, अनवधानाने राहिलेलाही चेहऱ्याच्या क्रीममध्ये १ पीपीएमच्या वर चालत नाही. तरीही केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही अशा गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी केली आहे.

तुझ्या डबीत हे आहेच असं मी इथे बसून म्हणत नाही. पण काय आहे हे लिहायची ज्याची हिंमत नाही, त्याचं क्रीम चेहऱ्याला लावायचं नाही. या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. डबी सोबत ने, किती दिवस लावली ते सांग, थायरॉईडची गोळी सांग, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असशील तर त्याही सांग, कारण वांगाचा त्यांच्याशी संबंध असतो. लघवीची साधी तपासणी करून मिळेल का विचार. पायावर, डोळ्यांखाली सूज किंवा लघवीला फेस दिसला तर आठवडाही थांबू नकोस. लावायचं बंद केल्यावर चेहरा काही दिवस लाल होईल, आग होईल, वांग पुन्हा गडद दिसतील. घाबरून परत डबी उघडू नकोस, या सापळ्यात फार बायका अडकतात. उशीचा अभ्रा आणि टॉवेल धुऊन टाक. धाकटी तुझ्या गालाला गाल लावून झोपत असेल, म्हणून सांगते.

वांगाचं खरं औषध डॉक्टर ठरवतील. तोवर दुकानातून रंग असलेलं सनस्क्रीन आण, ज्याच्या यादीत आयर्न ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड आहे. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात, आणि तो उजेड ती गेरूसारखी पूड अडवते. बागेत जाताना लाव, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लाव, वर टोपी आणि स्कार्फ. ओलाव्यासाठी ग्लिसरीनचं बिनवासाचं साधं क्रीम दोन-तीनशे रुपयांत मिळतं. वन्संच्या क्रीमचा भाव ग्रॅमला ४८ रुपये पडतो.

राहिल्या वन्सं. त्यांच्यावर रागावू नकोस. मला खात्री आहे की त्यांनीही कुणाच्या तरी हाताखाली मेंबर होऊन घरात डब्यांचा खोका उतरवून घेतला असेल, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून तू आठवलीस. मोठी डबी तू उघडलीस, वापरलीस, तिचे पैसे देऊन टाक. उधारी राहिली की नकार जड जातो. कॅप्सूल सीलबंद परत दे. आणि मेंबर व्हायचं नाही हे स्वयंपाकघरात, चारचौघींत न सांगता त्यांना एकटीला सांग: "वन्सं, थायरॉईडमुळे डॉक्टरांनी मला हे सगळं बंद करायला सांगितलंय. जे मी लावत नाही ते दुसरीला कसं विकू?" हे खोटंही होणार नाही, कारण तोवर तू डॉक्टरांकडे जाऊन आलेली असशील. त्याच बैठकीत त्यांना विचार की ती पांढरी डबी त्या स्वतः लावतात का. लावत असतील तर त्यांनाही सोबत घेऊन जा. ती डबी कुठून येते हे त्यांनी सांगितलं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते. ती करायची का, हे तुम्ही दोघींनी मिळून ठरवा.

मोठ्या डबीत जे उरलं असेल ते टाकू नकोस. त्यावर बॅच नंबर, परवाना नंबर, कारखान्याचा पत्ता आहे ना ते एकदा बघ, असेल तर रात्री टाचांना चोळ आणि वरून सुती मोजे घाल. बागेत फुटलेल्या टाचांना त्यातलं ग्लिसरीन आणि शिया बटर चांगलं मानवेल. सासूबाईंनाही दे. फक्त लावल्या लावल्या फरशीवरून चालू नका म्हणावं, घसराल.